मदत हवी आहे: गावच्या सांडपाण्यासाठी स्थिरीकरण तळं की कर्दळीचे वाफे?

नमस्कार मंडळी. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. लोकसंख्या 3200 च्या आसपास. मी यंदाच ग्रामपंचायत सदस्य झालोय, त्यामुळे जाणकारांनी समजून घ्यावं. दोन पर्याय समोर आहेत: स्थिरीकरण तळं, म्हणजे सांडपाणी काही दिवस उथळ तळ्यात साठवून ऊन-हवेनं आपोआप स्वच्छ होऊ द्यायचं; आणि कर्दळीचे वाफे, म्हणजे खडीच्या वाफ्यात कर्दळ लावून त्यातून सांडपाणी गाळून काढायचं.

नळाला माणशी 55 लिटर धरलं आणि त्यातलं 80 टक्के गटारात आलं, तर रोजचं साधारण 1 लाख 40 हजार लिटर होतं. सगळं एकाच ओढ्यातून घाटाच्या वरच्या अंगाला नदीत पडतं. तिथं राखाडी साय धरलेली असते, आणि खाली दहा पावलांवर बायका धुणं धुतात.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये, म्हणजे आम्हाला फार तर 8 लाख 96 हजार. त्यातले 30 टक्के वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे.

खरी अडचण जागेची. मोकळी गायरान जमीन आहे ती ओढ्यालगत, आणि 2019 व 2021 च्या पुरात ती बुडाली होती. शिवाय निम्म्या घरांच्या सेप्टिक टाकीचं पाणीही गटारातच सोडलंय (आमचंही, खोटं कशाला बोलू). मग नुसती कर्दळ लावून भागेल का? आधी गाळ बसवायला टाकी किती मोठी लागेल? पूर ओसरल्यावर वाफ्यातली खडी पुन्हा धुवावी लागते का?

कुणाच्या गावात असं काही पाच-सहा वर्षं टिकलंय का? बघायला येऊ.