जॅंगो: स्वतःच्या टॅगमध्ये किमतीऐवजी व्हेरिएबलचं नावच छापलं जातंय

रंकाळा_काठ:
कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गूळ सौद्याच्या पावत्या जॅंगोत (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) करतोय. क्विंटलचा दर नीट मांडायला 'भाव' नावाचा टॅग (टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पावतीच्या साच्यात, वापरायची स्वतःची आज्ञा) लिहिलाय, त्याला 'सौदा.दर' देतो. (नावं इथं देवनागरीत लिहिलीत, कोडात रोमन आहेत.) पावतीवर ४२०० यायला हवेत, तिथं 'सौदा.दर' हीच अक्षरं उमटतात. दुहेरी महिरपी कंसात तेच नाव टाकलं की दर बरोबर दिसतो. मग टॅगलाच का सापडत नाही?

पंचगंगा_घाट:
टॅगचं फंक्शन पार्सिंगच्या वेळी, म्हणजे टेम्प्लेट नुसतं वाचलं जात असताना, चालतं आणि एक नोड (पुढं मजकूर छापणारा ऑब्जेक्ट) परत देतं. तिथं टोकनचं (टॅगच्या मजकुराचं) 'स्प्लिट कंटेंट्स' करून हाती येते ती नुसती स्ट्रिंग. किंमत असते कॉन्टेक्स्टमध्ये (टेम्प्लेटला पुरवलेली नावं आणि त्यांच्या किमती), आणि तो पोचतो थेट नोडच्या 'रेंडर' मेथडला. म्हणून नोडच्या 'इनिट'मध्ये त्या नावाचा 'टेम्प्लेट डॉट व्हेरिएबल' करून ठेवा आणि 'रेंडर'मध्ये त्यावर 'रिझॉल्व्ह' चालवून कॉन्टेक्स्ट द्या. टिंबं तो स्वतः फोडतो: आधी डिक्शनरीची की, मग ॲट्रिब्यूट, मग लिस्टचा इंडेक्स. डिक्शनरी पहिली असल्यामुळं डीफॉल्टडिक्ट (नसलेली की मागितली तर ती आपोआप तयार करणारी डिक्शनरी) दिलीत तर फसाल. लूपसाठी 'आयटम्स' मागितलं की मेथड मिळत नाही, त्या नावाची रिकामी नोंद तयार होते आणि लूप एकदाही फिरत नाही.

नावं रोमनमध्ये ठेवलीत ते बरं केलंत. पायथनला काना-मात्रा चालतात, पण टेम्प्लेटमधलं नाव ओळखणारा रेगेक्स (अक्षरांचा नमुना) त्यांना अक्षर धरत नाही. महिरपी कंसात 'दर' चालेल, 'सौदा'ला सिंटॅक्स एरर येईल.

कळंबा_रोड:
एक भर घालतो. उद्या 'सौदा.दर'पुढं उभी रेघ मारून डीफॉल्ट फिल्टर (किंमत नसेल तर पर्यायी किंमत देणारा) लावायचा झाला, तर 'व्हेरिएबल'ला तो कळत नाही. त्यापेक्षा पार्सरचं 'कंपाइल फिल्टर' वापरा, रिझॉल्व्ह तसंच करायचं. नाव नसेल तेव्हा दोघांची वागणूक वेगळी: 'व्हेरिएबल' एक्सेप्शन टाकतं, 'कंपाइल फिल्टर'वालं गुपचूप रिकामी स्ट्रिंग देतं. पावतीवर दराची जागा कोरी जाणं वाईट, तेव्हा तिथं तपासणी हवीच.

आणि रिझॉल्व्ह केलेली किंमत 'सेल्फ'वर अजिबात ठेवू नका. १.११ पासून डीबग बंद असताना कंपाइल झालेलं टेम्प्लेट कॅशमध्ये राहतं, म्हणजे तोच नोड अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या विनंत्या) वापरतात. एका शेतकऱ्याचा दर दुसऱ्याच्या पावतीवर छापला जाईल. लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या. लूपमध्ये काही लक्षात ठेवायचंच असेल तर कॉन्टेक्स्टमधला 'रेंडर कॉन्टेक्स्ट' त्यासाठीच आहे.

पंचगंगा_घाट:
बरोबर. पण नुसता दर मांडायचा असेल तर नोड लिहायचा खटाटोप कशाला? 'सिंपल टॅग' डेकोरेटर लावा, फंक्शनला थेट ४२०० मिळतील. मात्र टॅगमध्ये 'सौदा.दर'भोवती अवतरणचिन्ह नको, नाहीतर पुन्हा नावच छापलं जाईल.

रंकाळा_काठ:
'सिंपल टॅग' लावला, दर आला. जुन्या नोडमध्ये किंमत 'सेल्फ'वरच ठेवली होती, तो कोड काढून टाकला.