आरोग्य विम्यावरील जीएसटी: राज्यांचा विरोध कराला होता की तुटीला?

टिळकवाडीकर:
वडिलांच्या आरोग्य विम्याच्या दोन पावत्या समोर ठेवून लिहीत आहे. 2024 च्या पावतीवर मूळ हप्ता 24,000 रुपये असून त्याखाली दोन ओळी आहेत: केंद्राचा जीएसटी 2,160, राज्याचा जीएसटी 2,160. 2025 च्या दिवाळीनंतरच्या पावतीवर दोन्ही ओळींपुढे शून्य आहे, कारण 3 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटी परिषदेने वैयक्तिक आरोग्य विमा करमुक्त केला आणि 22 सप्टेंबरपासून तो निर्णय लागू झाला.

या करमाफीचे श्रेय विरोधी पक्षांच्या राज्यांना द्यावे असे म्हटले जाते, त्याला माझी हरकत आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विरोधी खासदारांनी हा कर रद्द करा म्हणून संसदेच्या दारात फलक धरले, तेव्हा दुसऱ्या ओळीतले 2,160 रुपये बेंगळुरूच्या, म्हणजे आमच्या कर्नाटक सरकारच्या, तिजोरीत जात होते, शिवाय केंद्राच्या वाट्यातील 41 टक्के राज्यांतच वाटले जातात. 2023-24 मध्ये देशभरात या करातून सुमारे 8,263 कोटी रुपये जमा झाले. करमाफी दृष्टिपथात आल्यावर 29 ऑगस्ट 2025 रोजी दिल्लीच्या कर्नाटक भवनात विरोधी पक्षांची आठ राज्ये जमली आणि त्यांनी मागितले काय, तर महसुली तुटीची भरपाई.

निपाणीकर:
आपला हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आहे आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे सगळी राज्ये एका बाजूला उभी राहिली तरी केंद्राच्या संमतीवाचून कागद हलत नाही. हा कर जाचक आहे, असे जुलै 2024 मध्ये नितीन गडकरी यांनी केंद्रीय मंत्री असूनही अर्थमंत्र्यांना पत्राने कळवले होते, तरीही सप्टेंबरात प्रश्न मंत्रिगटाकडे गेला आणि डिसेंबरात जैसलमेरच्या बैठकीत पुढे ढकलला गेला.

कर्नाटक भवनातील मागणीही केवळ विम्यापुरती नव्हती. सगळ्याच दरकपातीमुळे येणाऱ्या तुटीबद्दल ती होती. 2017 मध्ये राज्यांनी जीएसटीसाठी आपले अनेक कर सोडून दिले आणि त्याबदल्यात केंद्राकडून मिळणाऱ्या भरपाईची पाच वर्षे जून 2022 मध्ये संपली. ज्याच्याकडे विम्याचा कागदच नाही, तो माणूस सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभा असतो आणि तिथल्या औषधांचा खर्च बहुतांशी राज्यालाच करावा लागतो. तो पैसा कुठून आणावा, हे विचारणे म्हणजे दुटप्पीपणा नव्हे.

खानापूरकर:
राज्यांना रुग्णाची एवढी काळजी असती, तर 2023 साल वेगळे गेले असते. महाराष्ट्राने मोफत उपचारांची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातील सीमाभागाच्या 865 गावांना लागू करायचे ठरवले, तेव्हा कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी, बोम्मई यांनी, त्याला विरोध केला. तिथे कराचा प्रश्नच नव्हता.

निपाणीकर:
ते दुखणे माझेही आहे, पण तो अधिकारक्षेत्राचा वाद होता आणि सरकारही निराळ्या पक्षाचे होते. सीमाप्रश्नाची फोडणी प्रत्येक विषयाला देऊ नये, एवढीच विनंती.

टिळकवाडीकर:
तीन चतुर्थांशाचा मुद्दा मान्य आहे. तथापि ज्याला नकाराधिकार नाही, त्याला श्रेयाचा अधिकारही बेताचाच असतो.

उद्यमबागचा कामगार:
आपण दोघे शून्यावर वाद घालत आहात; ते शून्य आमच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही. मी फौंड्रीत आहे. पगार 21,000 च्या वर गेल्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सुटले आणि कारखान्याचा गट विमा लागू झाला. करमाफी मिळाली ती वैयक्तिक आणि कुटुंबाच्या पॉलिसीला. गट विम्यावर जीएसटीचे अठरा टक्के तसेच राहिले. आईवडिलांना त्यात घेतले, तर त्यांचा हप्ता करासकट माझ्या पगारातून कापला जातो. वैयक्तिक विमा घे, असा सल्ला कृपया देऊ नये, कारण वडिलांना मधुमेह आहे आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. टिळकवाडीकरांच्या वडिलांना शून्य आणि माझ्या वडिलांना अठरा टक्के, हा भेद परिषदेत कोणत्या राज्याने उपस्थित केला, ते निपाणीकरांनी सांगावे.