जुन्या पीसीत मोठी हार्डडिस्क टाकलेल्यांनो, काय काय झालं ते लिहा

2011 चा असेंबल्ड पीसी आहे, 320 जीबी, माय कॉम्प्युटर उघडलं की सी अन् डी दोन्ही पट्ट्या लालभडक. घरचे म्हणतात लॅपटॉप घे, पण मशीन चांगलं चालून राहिलं तर काहून फेकायचं? 1 टीबीची टाकावी म्हणतो. अनुभव लिहा, फसलेले पहिले.

महाल (नागपूर) मधून:
बाबांच्या एक्सपीवाल्या मशीनले 160 जीबीची आयडीई (जुन्या रुंद पट्टीच्या केबलची) डिस्क लावली होती, दाखवे 128च. जुना माल गळ्यात मारला म्हणून बर्डीवर, बाजारातल्या दुकानात जाऊन भांडून आलो, मग कळलं की सर्व्हिस पॅक 1 च्या (विंडोजच्या मोठ्या अपडेटच्या) आधीचं एक्सपी 28 बिटांचाच पत्ता मोजते, पुढची जागा त्याले दिसतच नाही. पॅक टाकला, दिसली. त्या दुकानात पुन्हा गेलो नाही, लाजेनं. अन् मास्टर-स्लेव्हचं (एका केबलवरच्या दोन डिस्कांत पहिली-दुसरी ठरवायचं) ते जम्पर, ज्वारीच्या दाण्याएवढं, हातातून पडलं ते तिसऱ्या दिवशी आईले झाडताना सापडलं.

प्रताप नगर:
मी हाव केली, 3 टीबी आणली. विंडोज 7 मध्ये 2048 जीबीचं पार्टिशन झालं आणि 746 काळ्या पट्टीत अडकले, राइट क्लिक करून काहीच होईना. एमबीआरची (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत) हद्दच 2 टीबी आहे भाऊ. डेटा टाकला नव्हता म्हणून वाचलो, पार्टिशन उडवून जीपीटी (नवी पद्धत) केली. जुन्या बायोसवर (पीसी सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) विंडोज त्यावरून बूट होत नाही, सिस्टीम जुन्याच डिस्कवर ठेवली.

धरमपेठ:
नव्या डिस्कवर विंडोज टाकताना जुनी लावूनच ठेवली होती, रात्रीचे साडेबारा, डिस्क 0 म्हणजे नवी असं धरून डिलीट मारलं. बाजूले 465 जीबी लिहिलं होतं, नवी 1 टीबीची, विंडोजमध्ये तिचे 931 असायले पाहिजे होते, वाचलंच नाही. ताईच्या लग्नाचे फोटो होते. ताईले अजून सांगितलं नाही.

खामला:
मे महिन्यात करू नका बस. बाहेर 45, वरच्या खोलीत क्लोन (जुन्या डिस्कची नवीवर हुबेहूब नक्कल) लावला, डिस्क 57 वर गेली, बहुतेक डिस्कची हद्द 60ची असते. साइडचा पत्रा काढून समोर कूलर केला तर ताट्यांचे थेंब थेट मदरबोर्डवर. टेबल फॅन लावा.

धागा काढणारा:
आणली बर्डीवरून. धरमपेठवाल्याचं वाचून दोन्ही डिस्कवर मार्करनं जुनी, नवी लिहिलं, तरी एंटर मारायच्या आधी चारदा पाहिलं. क्लोन 41 टक्के झालाय आणि बाहेर ढग भरून आले. लाईन नको जाऊ दे बाप्पा, इन्व्हर्टर फक्त पंख्याचा आहे.