राजधानी गेली म्हणून याश साहित्याचं शहर झालं का?

पूर्वरंग (धागाकर्ता)

रुमानियाच्या ईशान्येला, बुखारेस्टपासून रेल्वेने सुमारे चारशे किलोमीटरवर याश आहे. १५६४ पासून ही मोल्दोव्हा संस्थानाची राजधानी होती. १८५९ मध्ये मोल्दोव्हा आणि दक्षिणेचं वालाखिया संस्थान एका राजाखाली आले आणि १८६२ मध्ये बुखारेस्ट ही एकच राजधानी ठरली. दरबार, मंत्रालयं सगळं तिकडे गेलं.

आता याच सुमाराच्या तारखा बघा. १८६० मध्ये इथे देशातलं पहिलं आधुनिक विद्यापीठ सुरू झालं. १८६३ मध्ये तितु मायोरेस्कु, पेत्रे कार्प, वासिले पोगोर, तेओदोर रोसेत्ती आणि याकोब नेग्रुत्सी या पाच तरुणांनी 'जुनिम्या' मंडळ काढलं. १ मार्च १८६७ ला त्यांचं 'कोन्वोर्बिर लितेरारे' हे नियतकालिक निघालं. मिहाय एमिनेस्कुची मोठ्या ताकदीची कविता आणि इयोन क्र्यांगाच्या गोष्टी तिथेच छापल्या गेल्या.

माझं म्हणणं असं, की हा योगायोग नाही. सत्ता निघून गेलेल्या शहरात शिकलेली माणसं उरली, वाडे उरले, मोकळा वेळ उरला. मंत्रिपदासाठी धावपळ करायची सोय राहिली नाही, तेव्हा भाषेवर आणि टीकेवर बसून काम झालं. मायोरेस्कुचा १८६८ चा लेख आठवा. पश्चिमेकडून संस्थांचे साचे आणले, पण आत भरायला ऐवज नाही, 'आशयाविना आकार', अशी टीका त्यात आहे. मंत्रालयाच्या सावलीत बसून असं लिहिता आलं नसतं. तुम्हाला काय वाटतं?

जुनापार

मांडणी सुबक आहे, पण पटत नाही. राजधानी असतानाही याशमध्ये साहित्य होतंच की. वासिले लुपु राजाच्या काळात त्रेइ इयेरार्ख मठात छापखाना बसला आणि १६४३ मध्ये महाधर्मगुरू वार्लामचा रुमानियन प्रवचनसंग्रह तिथून छापून निघाला. १८४० मध्ये मिहाइल कोगल्निचानुने 'दाचिया लितेरारा' हे नियतकालिक काढलं आणि अनुवादांची नक्कल थांबवून देशाचा इतिहास, निसर्ग, लोकरीती यांवर लिहा असं सांगितलं. सहा महिन्यांत राजाने ते बंद पाडलं, हे खरं. पण त्याच वर्षी कोगल्निचानु, कोस्ताके नेग्रुत्सी आणि वासिले आलेक्सांद्रि या तिघांच्या हाती याशचं नाट्यगृह आलं. हे सगळं दरबार शहरात असताना घडलं.

आणि विद्यापीठ १८६० चं आहे, म्हणजे राजधानी जायच्या आधीचं. तुमच्याच यादीतली पहिली नोंद तुमच्या म्हणण्याविरुद्ध जाते.

शिवाय 'मोल्दोव्हाकडे चिकित्सक बुद्धी, वालाखियाकडे राजकीय धडाडी' ही वाटणी गाराबेत इब्राइल्यानुने १९०९ मध्येच मांडली होती. तो स्वतः याशमधल्या 'व्यात्सा रोमन्यास्का' या मासिकाचा संपादक होता. उलट बाजूने टीकाकार एउजेन लोव्हिनेस्कुने १९२०च्या दशकात सांगितलं, की आधी आकार येतो, आशय मागून भरतो, आणि हे काम राजधानीतच होतं. लोव्हिनेस्कु जन्माने मोल्दोव्हाचा होता, तरी साहित्यवर्तुळ चालवलं ते बुखारेस्टमध्ये.

तळटीप

दोघंही इमारतीवर बोलताय. आत काम कसं चालायचं ते बघितलं तर निवाडा सोपा होईल.

जुनिम्याची बैठक पोगोरच्या किंवा मायोरेस्कुच्या घरी भरे. (पोगोरचं घर आज साहित्यसंग्रहालय आहे.) मजकूर मोठ्याने वाचला जायचा आणि तिथल्या तिथे चिरफाड व्हायची. दाराचा नियम होता, 'यावं वाटेल त्याने, टिकावं जमेल त्याने'. दुसरा नियम, 'किस्सा आधी'. कुणाला किस्सा आठवला तर वाचन थांबवून तो ऐकायचा. मागे बसणाऱ्या, वादात फारसं न पडणाऱ्या मंडळींना 'काराकुदा' म्हणत. तो एक मासा, आपल्याकडे बारीक मासळी म्हणावं तसं. या चाळणीतून उतरलेला मजकूर याकोब नेग्रुत्सी छापायला घ्यायचा. याशिवाय जाहीर व्याख्यानमाला होती आणि त्यात वक्त्याने हातात कागद न धरता बोलायचं.

यासाठी चार गोष्टी लागल्या: जमीनदारीचं उत्पन्न, जर्मनी-फ्रान्समध्ये झालेलं शिक्षण, ऐसपैस दिवाणखाना आणि चिकाटीचा संपादक. राजधानी असण्यानसण्याचा यातल्या एकाशीही थेट संबंध नाही. पाचांपैकी चौघे मोल्दोव्हाच्या सरदार-जमीनदार घराण्यांतले. मायोरेस्कु तेवढा दक्षिणेतल्या क्रायोव्हाचा, आणि तोही याशला आला विद्यापीठातल्या नोकरीसाठी.

पूर्वरंग

@जुनापार, विद्यापीठाचं मान्य. तो आधार मी सोडतो. पण @तळटीप, बुखारेस्टमध्ये जमीनदारही होते आणि दिवाणखानेही. तिथे अशी चाळणी का नाही उभी राहिली? याचं उत्तर 'तिथे सगळे राजकारणात होते' याखेरीज मला दुसरं दिसत नाही. आणि एमिनेस्कु १८७४ ते १८७७ याशमध्ये होता. 'सरोवर' आणि 'इच्छा' या कविता 'कोन्वोर्बिर'च्या १ सप्टेंबर १८७६ च्या अंकात आल्या. बुखारेस्टला जाऊन 'तिम्पुल' वृत्तपत्रात अडकला आणि १८८३ मध्ये कोसळला.

मोडीवाचक

एमिनेस्कुचा हिशेब नीट मांडू या. जन्म बोतोशानचा, १८५० चा. शाळा चेर्नाउत्सिची. नियतकालिकातली पहिली कविता १८६६ मध्ये पेश्टहून (आजचं बुडापेस्ट) निघणाऱ्या 'फामिलिया'त. 'एमिनोविच'चं 'एमिनेस्कु' त्याच संपादकाने केलं. मग व्हिएन्ना, बर्लिन. याशची तीन वर्षं अशी: १८७४-७५ मध्यवर्ती ग्रंथालयाचा संचालक, १८७५-७६ याश आणि वास्लुइ जिल्ह्यांचा शाळा तपासनीस, १८७६-७७ 'कुरियेरुल दे याश' या वृत्तपत्राचा संपादक.

या नोकऱ्या दिल्या कुणी? १८७४ मध्ये मायोरेस्कु शिक्षणमंत्री झाला, बुखारेस्टमध्ये. त्याच्या शब्दावर एमिनेस्कुला तपासनिसाची जागा मिळाली. १८७६ मध्ये ते सरकार पडलं आणि जागाही गेली. क्र्यांगाचं तसंच. तो धर्मसेवक होता आणि शाळामास्तरही. नाटकाला जातो, केस कापले, चर्चच्या छपरावरच्या कावळ्यांवर बंदूक झाडली, अशा आरोपांवरून १८७२ मध्ये धर्मपद आणि नोकरी दोन्ही गेली. १८७४ मध्ये मायोरेस्कुनेच त्याला पुन्हा शाळेत घेतलं. म्हणजे ज्या वर्षांना तुम्ही सत्तेपासून दूर म्हणताय, त्या वर्षांतला याशमधल्या लेखकांचा पगार मंत्रालयाच्या सहीने येत होता.

आणि शेवट बघा. १८८५ मध्ये 'कोन्वोर्बिर' बुखारेस्टला गेलं. १९०६ मध्ये सुरू झालेलं 'व्यात्सा रोमन्यास्का' १९३० मध्ये तिकडेच गेलं. कादंबरीकार मिहाइल सादोव्यानुही १९३६ मध्ये तिकडे राहायला गेला. एमिनेस्कुच्या ४४ वह्या मायोरेस्कुने १९०२ मध्ये रुमानियन अकादमीला दिल्या, त्याही बुखारेस्टमध्येच आहेत. त्याची समाधीसुद्धा तिथल्या बेलु दफनभूमीत. याशकडे राहिलं कोपोउ बागेतलं, एमिनेस्कुच्या नावाने ओळखलं जाणारं लिंडनचं झाड.

जाता जाता, तारखांची एक अडचण. रुमानियात १९१९ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग चालायचं, एकोणिसाव्या शतकात १२ दिवसांचा फरक. अंकावरची तारीख जुनी आणि युरोपीय पत्रातली नवी असते. दोन्ही एकाच तक्त्यात घातल्या तर प्रत्युत्तर मूळ लेखाच्या आधी छापलेलं दिसतं.

शेवंती

@मोडीवाचक, 'झाड राहिलं' एवढ्यावर क्र्यांगावर अन्याय होतो. तो कुठे गेला? खेड्यातून, हुमुलेश्तीहून आला आणि १८७२ पासून १८८९ च्या ३१ डिसेंबरला मरेपर्यंत याशच्या त्सिकाउ वस्तीतल्या त्याच खोपटात राहिला. 'बोज्देउका' म्हणजे खोपटंच: कुडामातीच्या भिंती, वर लाकडी फळ्यांचं छप्पर, मधे ओसरीवजा जागा, दोन बाजूंना दोन खोल्या, मागे दरीकडे तोंड केलेला सोपा. १८७६ मध्ये एमिनेस्कु काही महिने तिथेच राहायला होता. १९१८ मध्ये ते खुलं झालं, देशातलं पहिलं लेखक-स्मारकघर. क्र्यांगाची समाधीही याशच्याच एतेर्नितात्या दफनभूमीत आहे.

आणि त्याला लेखक केलं ते याशच्या बैठकीने. अंकलिपी तो १८६८ पासून तयार करत होता, पण एमिनेस्कुने ओढून जुनिम्यात नेलं आणि १८७५ मध्ये 'सासू आणि तीन सुना' छापून आली. बालपणीच्या आठवणी १८८१ पासून. त्याचं गद्य बोलण्यासारखं वाटतं, पण मोठ्याने वाचून घासलेलं आहे. अनुवादकाची पहिली चूक इथेच होते, ते 'साधं' समजून सपाट करायचं. 'वोर्बा चेया' हा त्याचा पालुपदासारखा शब्दप्रयोग, त्यामागून म्हण येते. मराठीत त्याला 'म्हणतात ना' हे चपखल बसतं, पण दर वेळी तेच ठेवायला हवं. कधी 'म्हणतात ना', कधी 'लोकोक्ती आहे' केलं, की ठेका मेला. अशी बोली जपणारा माणूस बुखारेस्टच्या संपादकाने छापला असता, असं मला वाटत नाही. त्यामुळे मी पूर्वरंग यांच्या बाजूने, कारण वेगळं असलं तरी.

उत्तरा

इतकी चर्चा झाली आणि अर्धं शहर कुठेच आलं नाही. १८९९ च्या जनगणनेत याशची जवळपास निम्मी वस्ती ज्यू होती. १८७६ मध्ये, एमिनेस्कु 'कुरियेरुल'चा संपादक असताना, आव्राम गोल्डफाडेनने 'पोमुल वेर्दे' म्हणजे 'हिरवं झाड' या उद्यानगृहात यिडिश भाषेतलं पहिलं व्यावसायिक नाट्य उभं केलं. तिथून ते ओडेसा, वॉर्सा, न्यूयॉर्कपर्यंत गेलं. जगाच्या साहित्याला याशने दिलेली ही सगळ्यात दूर पोहोचलेली गोष्ट आहे आणि तिचा राजधानी, विद्यापीठ, जुनिम्या यांपैकी कशाशीच संबंध नाही. एमिनेस्कुच्या पत्रकारितेत ज्यूविरोध उघड आहे, हेही त्याच्या कवितेवर प्रेम करून सांगायला हवं.

बेंजामिन फुंदोयानु १८९८ मध्ये याशमध्ये जन्मला, १९२३ मध्ये पॅरिसला गेला, फ्रेंचमध्ये लिहू लागला आणि १९४४ मध्ये आउश्विट्झला मारला गेला. जून १९४१ च्या अखेरीला याशमध्ये कत्तल झाली. पोलीस मुख्यालयाच्या आवारात आणि त्यानंतर दारं बंद करून उन्हात फिरवलेल्या मालगाड्यांत मिळून १३,००० हून अधिक ज्यू मेले. 'लेखक शहर सोडून का गेले' या प्रश्नात मासिकाचं स्थलांतर आणि हे एकाच रांगेत मांडता येणार नाही.

पूर्वरंग

@उत्तरा, चूक माझीच. 'सत्ता गेल्यावर उरलेली माणसं' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे सरदारांचे वाडेच होते.

@मोडीवाचक, पगाराच्या मुद्द्यावर मी मागे येतो. सत्ता गेली, पण तिच्याशी बांधलेली दोरी होती, असं आता म्हणेन. तरी एक गोष्ट धरून ठेवतो. 'पहिलं पत्र' ही कविता एमिनेस्कुने बुखारेस्टमध्ये असताना पूर्ण केली आणि १ फेब्रुवारी १८८१ ला छापली ती याशच्याच मासिकात. हाताशी राजधानीतली नियतकालिकं होती तरीही.

मोडीवाचक

हे मान्य. आणि याच कवितेने आपल्याला थेट जवळ आणलंय. त्यातल्या विश्वोत्पत्तीच्या भागाची पहिली ओळ, 'ला-न्चेपुत, पे कुंद फियिंत्सा नु एरा, निच नेफियिंत्सा', म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 'नासदासीन्नो सदासीत्तदानीम्'. आजारपणानंतर १८८४ ते १८८६ मध्ये तो याशच्याच ग्रंथालयात दुय्यम पदावर होता, तेव्हा त्याने फ्रांझ बोपच्या संस्कृत व्याकरणाचा अनुवाद केला. ते हस्तलिखित याशमध्येच आहे. वह्यांबाबतचं माझं विधान तेवढं दुरुस्त करतो. अमिता भोसे यांचं एमिनेस्कु आणि भारत या विषयावरचं पुस्तकही १९७८ मध्ये याशहूनच निघालं.

शेवंती

मग ती ओळ मराठीत आणायची तर 'अस्तित्व-अनस्तित्व' नको. 'फियिंत्सा-नेफियिंत्सा' ही जोडी एकाच मुळाची आहे, 'सत्-असत्' हवं. छंदाचं काय? मूळ ओळ १५-१६ अक्षरांची आणि दोन-दोन ओळींचं यमक. अनुष्टुभाचा अर्धा श्लोक सोळा अक्षरांचाच असतो.

तळटीप

अक्षरं जुळतील, चाल जुळणार नाही. मूळ ओळीत दर दुसऱ्या अक्षरावर, पहिल्यापासून, आघात आहे. अनुष्टुभात लघुगुरूचे नियम वेगळे आणि यमक नाही. आठ-आठ अक्षरांवर यती ठेवून साध्या अक्षरछंदात करावं, ओवीच्या अंगाने, आणि यमक राखावं.

नावांबद्दलही आत्ताच ठरवू या. 'इयासी' नको, 'याश' लिहा, शेवटचा 'इ' जवळजवळ ऐकू येत नाही. 'क्र्यांगा'मधला शेवटचा स्वर खरं तर आपला 'अ' आहे, पण मराठीत शब्दाअखेरचा 'अ' वाचताना गळतो, म्हणून 'आ' करावा लागतो. आणि 'त्सिकाउ'ला 'चिकाउ' केलं तर 'इ'पुढे आपण 'चिमणी'तला 'च' उच्चारू. तिथे 'चाक'मधला हवाय, तेव्हा 'त्सि'च बरं.