बाळाच्या हातावरच्या लाल डागाला डोळ्यांचे ड्रॉप्स, कुणी लावलेत का?

नमस्कार. आमची लेक साडेतीन महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा मनगटाच्या जरा वर चिलटानं चावल्यागत फिकट खूण होती. तिसऱ्या आठवड्यापासून ती फुगायला लागली. आता रुपयाच्या नाण्याएवढी, लालभडक, हात फिरवला की खडबडीत लागते. सासूबाई "ग्रहण पाळलं नाहीस" म्हणून मोकळ्या झाल्या!

आधीचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, आपोआप जातं, वर्षभर बघू. जातं हे खरं, पण त्याला कित्येक वर्षं लागतात आणि वाढ सगळ्यात जोरात होते ती पहिल्या पाच महिन्यांतच. हे मला राजारामपुरीतल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. दीड महिना उगाच गेला, याचा राग अजून आहे.

त्यांनी नाव सांगितलं इन्फंटाइल हिमॅन्जिओमा, म्हणजे बाळाच्या कातडीतली रक्तवाहिन्यांची गाठ, आणि दिले टिमोलॉल ०.५ टक्क्याचे ड्रॉप्स. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, डागावर. महाद्वार रोडचा मेडिकलवाला दोनदा चिठ्ठी वाचून म्हणाला, "ताई, हे काचबिंदूचं औषध आहे, तीन महिन्यांच्या पोरीला?" परत फोन करून खात्री केली. फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांना एका बाळाला हृदयासाठी प्रोप्रानोलॉल देताना असा डाग मावळताना दिसला, ते त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलं. टिमोलॉल त्याच घराण्यातलं. डाग पातळ असेल तर वरून लावून भागतं. जाड किंवा डोळ्याजवळ असेल तर पोटातून औषध, मग नाडी आणि साखरेवर लक्ष. (जावेच्या मुलाच्या गालावर सपाट, जांभळट डाग आहे. तो वेगळा प्रकार, त्याला हे चालत नाही, लेझर लागतो. म्हणून बाटली वाटून घ्यायची नाही.)

आता अडचण. थेंब टाकला की तो घरंगळून कोपरापर्यंत जातो, आणि ही बया दिवसभर मूठ तोंडात घालून बसते. औषध पोटात जायला नको. पट्टी बांधायला डॉक्टरांची सक्त मनाई, झाकलं की औषध अंगात जास्त भिनतं. झोपेत लावलं तर पाचव्या मिनिटाला जाग. तुम्ही कसं जमवलंत? सुकायला किती वेळ धरून बसायचात?

साल निघाली, रक्त आलं तर थांबवून लगेच दाखवायचं आहे, ते माहीत आहे. हळद-तुरटीचे सल्ले कृपया नकोत, घरात पुरेसे मिळतात.

दर रविवारी शेजारी नाणं ठेवून फोटो काढते. बारा दिवसांत माप तेवढंच, पण मधोमध रंग जरा राखाडी वाटतोय. तुमच्याकडे सुरुवात अशीच झाली होती, की मलाच तसं दिसतंय?