मदत हवी आहे: सोलरची तीन कोटेशन आलीत, कोणतं घेऊ? उद्यापर्यंत सांगायचंय

अमोल_पी
नमस्कार मंडळी, घरावर सोलर बसवायचंय. तीन कोटेशन आलीयेत. एक 1,95,000, दुसरं 1,28,000 आणि तिसरं 3,60,000 बॅटरीसकट. तिन्ही 3 किलोवॅटची. मला दुसरं स्वस्त वाटतंय पण बायको म्हणते बॅटरी पाहिजेच, लाईट गेल्यावर सोलर असून अंधारात बसायचं का. तिसऱ्याचा माणूस रोज फोन करतोय की या आठवड्यात बुकिंग केलं तरच हा रेट. शेजारचं काम आटोपलं की लगेच बसवून टाकायचंय, पावसाळ्याच्या आत. कृपया "गूगल करा" म्हणू नका, गूगल करकरूनच डोकं उठलंय. नाशिकमध्ये कोणी बसवलं असेल त्यांनी सांगा, कोणतं घेऊ?

जुना_मीटर
महिन्याला युनिट किती? बंगला की फ्लॅट? गच्ची तुमची की सोसायटीची? यातलं काहीच सांगितलं नाही आणि उत्तर उद्यापर्यंत पाहिजे. डॉक्टरला फोन करून "दुखतंय, गोळी सांगा" म्हणण्यातला प्रकार आहे हा.

अमोल_पी
सॉरी. रो हाऊस आहे, पाथर्डी फाट्याजवळ. गच्ची आपलीच. बिल 2400 येतं.

जुना_मीटर
रुपये नको हो, युनिट. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, बारा महिन्यांची बेरीज करा आणि भागिले 12. एका मे महिन्याच्या बिलावरून सोलर घेणारे नंतर रडतात.

गंगापूर_रोड_गच्ची
आम्ही 2024 ला बसवलं, 3 किलोवॅट, ऑनग्रिड म्हणजे विजेच्या लाईनलाच जोडलेलं, बॅटरी नाही. बिल आता फक्त स्थिर आकाराचं वगैरे येतं. डोळे झाकून 3 किलोवॅट घ्या, सरकारची सबसिडी तिथेच संपते, पहिल्या दोन किलोवॅटला 30-30 हजार आणि तिसऱ्याला 18, झाले 78 हजार. 5 घेतलं काय नि 10 घेतलं काय, 78 च्या वर दमडी मिळत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाला 14 युनिट पण पडतात. जुलै ऑगस्टला मात्र 5-6 वर येतं, तेव्हा ॲप उघडायचंच नाही, उगाच मन खट्टू होतं.

सातपूर_फिटर
भो, आधी दुसरं कोटेशन नीट वाचा. 1,28,000 च्या खाली बारीक अक्षरात "सबसिडी वजा जाता" असं काही आहे का बघा. असणारच. म्हणजे मूळ किंमत 2,06,000. आणि पहिल्याचे 1,95,000 जर सबसिडीच्या आधीचे असतील तर ते तुम्हाला पडतं 1,17,000 ला. म्हणजे तुमचं स्वस्त वाटणारं 11 हजारांनी महाग निघालं. शिवाय सबसिडी व्हेंडरच्या नाही तुमच्या बँक खात्यात येते, तीपण नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा) लागून सिस्टीम चालू झाल्यावर. तोवर पूर्ण पैसे तुमच्याच खिशातून किंवा कर्जातून. दुसरं म्हणजे पॅनल डीसीआर आहेत का विचारा, म्हणजे सेलसकट भारतात बनलेले. ते नसतील तर सबसिडी विसरा. लेखी घ्या, तोंडी सगळेच हो म्हणतात.

अमोल_पी
बापरे. हो, आहे तसंच लिहिलेलं, शेवटच्या पानावर. पहिल्याचे 1,95,000 सबसिडीच्या आधीचे, आत्ताच फोन करून विचारलं. युनिटची पण बेरीज केली, 2880. म्हणजे महिन्याला 240. मे मध्ये 410 होते, एसी आहे एक.

जुना_मीटर
मग तुम्हाला 3 ची गरजच नाही. एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला 4 युनिट देतं, धूळ पावसाळा धरून थोडं कमी म्हणा. 2 किलोवॅट म्हणजे महिन्याला 240 च्या आसपास. संपला विषय.

गंगापूर_रोड_गच्ची
काहीही. उद्या इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, दुसरा एसी आला मग? परत माणूस बोलवून दोन पॅनल वाढवायचे का? एकदाच काय ते 3 करून टाकायचं.

जुना_मीटर
आणि तोवर जास्तीची वीज कुठे ठेवणार, कपाटात? नेट मीटरमध्ये जमा झालेली युनिट 31 मार्चपर्यंत पुढे सरकतात, त्यानंतर उरलेल्यांचे जे पैसे मिळतात त्यात आणि आपण विकत घेतो त्या दरात जमीन अस्मानाचा फरक आहे. स्कूटर आली की बघू म्हणावं.

बॅटरी_पाहिजेच
दोघं भांडताय पण त्यांच्या मिसेसचा प्रश्न बाजूलाच राहिला. बॅटरी घ्याच. माझ्याकडे लिथियम आहे, 51.2 व्होल्ट 100 एएच, म्हणजे 5 युनिटची. फ्रीज, पंखे, टीव्ही, वायफाय सगळं मिळून 500 वॅट धरलं तर रात्रभर निघते. लाईट गेलेली कळत पण नाही. एकदा सवय लागली की परत मागे जाववत नाही.

सातपूर_फिटर
कळत नाही ते खरं, पण किती पैशात? त्यांच्याच आकड्यांत बघा, 3,60,000 वजा 1,95,000, म्हणजे 1,65,000 जास्तीचे. बॅटरीवर सबसिडी शून्य. आणि नेट मीटर असताना बॅटरीने बिलात एक रुपया वाचत नाही, दिवसाची जास्तीची वीज ग्रिडला देऊन रात्री परत घेता येते, ती फुकटची बॅटरीच आहे. बिल 2400 वरून 200 वर आलं तर वर्षाला 26 हजार वाचले, 1,17,000 साडेचार वर्षांत वसूल. बॅटरीवाल्याला 2,82,000 पडतात, त्याला होतात जवळजवळ 11 वर्षं, आणि तोवर बॅटरीच म्हातारी झालेली.

बॅटरी_पाहिजेच
तुम्ही या धंद्यातले दिसता. ऑनग्रिड विकणारे सगळे असंच बोलतात.

सातपूर_फिटर
धंद्यातलाच आहे, नाव बघा की. बॅटरी विकली तर मला जास्त सुटतात, तरी सांगतोय. वहिनींचा मुद्दा मात्र बरोबर आहे. ऑनग्रिड सिस्टीम लाईट गेली की स्वतःहून बंद पडते, भर दुपारी, कडक उन्हात पण. बंद पडली नाही तर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या पॅनलचा शॉक बसेल. पुष्कळ लोकांना हे बसवून झाल्यावर कळतं. अमोल भाऊ, तुमच्याकडे लाईट जाते किती?

अमोल_पी
शनिवारी मेंटेनन्सला दोन तीन तास, आणि वादळ वारं झालं की. बायको संध्याकाळी ऑनलाईन शिकवण्या घेते म्हणून तिला टेन्शन. तिसरा म्हणाला 5 केव्हीए ची बॅटरी आहे, सगळं घर चालेल, एसीसकट.

जुना_मीटर
केव्हीए इन्व्हर्टरचं असतं हो, बॅटरीचं नाही. एका वेळी किती ओढेल ते इन्व्हर्टरवर आणि किती वेळ ओढेल ते बॅटरीच्या युनिटवर. 5 केव्हीए चा इन्व्हर्टर आणि मागे एकच बारकी बॅटरी असं पण कोटेशन बघितलंय मी. बॅटरी किती युनिटची ते लेखी विचारा.

सातपूर_फिटर
लॅपटॉप, राऊटर, एक पंखा, दोन ट्यूब यासाठी दीड लाख? साधा घरगुती इन्व्हर्टर आणि 150 एएच ची ट्युब्युलर बॅटरी, पाणी घालायची असते ती, 25-30 हजारात काम होतं. त्यात आणि सोलरमध्ये काही संबंध ठेवायचाच नाही. फक्त डिस्टिल्ड वॉटर बघत जा.

म्हसरूळची_काकू
अमोल, एक सांगू का, पॅनलखालचं स्ट्रक्चर उंच घे. आमच्या ह्यांनी दोन हजार वाचवायला बुटकं घेतलं आणि आता गच्चीवर कुरडया घालायला वाकून वाकून कंबर गेली माझी. खालून उभं राहून चालता आलं पाहिजे, आठ फूट तरी. आणि पॅनल बोअरच्या पाण्याने धुऊ नको, पांढरे डाग पडतात ते घासून पण जात नाहीत.

निफाड_द्राक्ष
दादा मागेल त्याला सौर कृषी पंप मध्ये अर्ज करा, आपल्याला फक्त 10 टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती जमातीला 5. दिवसा पाणी भरता येतं, रात्री बिबट्याच्या भीतीने जायला नको.

गंगापूर_रोड_गच्ची
ते रो हाऊसवर बसवतायत भाऊ, विहिरीवर नाही.

निफाड_द्राक्ष
बरं बरं. मग गारपिटीचं बघा. आमच्याकडे लिंबाएवढ्या गारा पडल्यात, बाग झोपली होती अख्खी. पॅनल टिकतात का?

सातपूर_फिटर
25 मिलिमीटरच्या गारेची टेस्ट असते पॅनलला, ती पण जोरात मारून. लिंबू त्यापेक्षा मोठं झालं. विमा काढा. अमोल भाऊ, अजून एक, कोटेशनवर जीएसटी किती लावलाय? 22 सप्टेंबर 2025 पासून पॅनलवर 12 चा 5 झाला. 70 टक्के माल, 30 टक्के काम असा हिशेब केला की एकूण 8.9 येतो. 13.8 लिहिलं असेल तर कोणीतरी जुनीच फाईल तारीख बदलून पाठवलीये.

अमोल_पी
तिसऱ्याचं 13.8 आहे 😐 आणि खरं सांगायचं तर त्याला 11,000 टोकन देऊन झालंय. म्हणूनच उद्याची घाई.

जुना_मीटर
आता सांगताय!

भूगोलाचे_सर
मी उशिरा आलो, सगळं वाचलं. कोणीच एक गोष्ट विचारली नाही. अमोल, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय "शेजारचं काम आटोपलं की". कसलं काम? आणि शेजार कोणत्या दिशेला?

अमोल_पी
ते वरती वाढवतायत. आमच्या डाव्या हाताला. दिशा... सकाळी ऊन समोरून येतं, म्हणजे समोर पूर्व. मग ते उत्तरेला?

भूगोलाचे_सर
पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात उत्तरेला आणि उजवा दक्षिणेला. तुम्ही घरातून बाहेर बघताना डावीकडे की रस्त्यावरून घराकडे बघताना?

अमोल_पी
रस्त्यावरून बघताना.

भूगोलाचे_सर
मग ते दक्षिणेला आहेत. हीच खरी अडचण आहे. नाशिक साधारण 20 अक्षांशावर. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंशच वर येतो, तोही दक्षिणेकडून. म्हणजे भिंत जेवढी उंच, साधारण तेवढीच लांब सावली तुमच्या गच्चीवर. मजला 10 फूट अधिक कठडा 3, तर 13 फुटाच्या भिंतीची दुपारी बाराची सावली 12 फूट, सकाळी नऊला 18 च्या पुढे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, तेव्हा काहीच जाणवणार नाही, आणि कोटेशनवाले येऊन मोजून गेले असतील ते आत्ताच्या उन्हात. गच्ची रुंद किती? आणि ते किती मजले चढवतायत?

बॅटरी_पाहिजेच
सावली असेल तर मायक्रोइन्व्हर्टर लावा, प्रत्येक पॅनलला वेगळा, एका पॅनलवर सावली आली तरी बाकीची चालतात.

सातपूर_फिटर
3 किलोवॅटची सहाच्या सहा पॅनल सावलीत असतील तर मायक्रो काय करणार, टाळ्या वाजवणार? सर बरोबर बोलतायत. मीपण जागा बघितल्याशिवाय तोंड उघडायला नको होतं.

अमोल_पी
गच्ची 20 फूट रुंद. आत्ता जाऊन त्या काकांना विचारून आलो. सध्या एकच मजला, भाड्याने द्यायला. वर अजून एक काढणार, पण मुलाचं लग्न झाल्यावर. तिघांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. आमची जिन्याची खोली उत्तरेच्या टोकाला आहे, 10 बाय 12 ची, गच्चीपासून 8 फूट वर. तिच्यावर बसतील का?

सातपूर_फिटर
545 वॅटचं पॅनल साधारण साडेसात बाय पावणेचार फूट. चार बसतील, थोडे कडेच्या बाहेर काढावे लागतील पण बसतील. चार म्हणजे 2.18 किलोवॅट. जुना_मीटर साहेबांचंच खरं झालं.

भूगोलाचे_सर
13 वजा 8, भिंत पॅनलपेक्षा 5 फूटच वर राहिली. 10 फूट दूर असलेल्या खोलीपर्यंत तिची सावली दुपारी नाही पोचत, सकाळी नऊला पण नाही. दुसरा मजला चढला तर मात्र डिसेंबर जानेवारीत फटका बसेल.

अमोल_पी
झालं तर. टोकन परत मागतोय, दिलं तर दिलं. तिघांनाही 2 किलोवॅटचं, जिन्याच्या खोलीवरचं, सबसिडीच्या आधीचा आकडा टाकून नवीन कोटेशन द्यायला सांगतो. बायकोला साधा इन्व्हर्टर पटलाय, फक्त त्याचा आवाज येतो का विचारतेय.

जुना_मीटर
घूं असा येतो बारीक. जिन्याखाली ठेवा. आणि ते लग्न कधी आहे ते बघून घ्या, तुमची वसुली त्यावर आहे.

म्हसरूळची_काकू
अमोल, मुलगा काय करतो रे त्यांचा? माझी भाची आहे, एमकॉम झालीये.