मदत हवी आहे : 'धात'च्या मापनीचा अल्फा वर येत नाही

सारंगा : एम.ए.चा प्रबंध. धात सिंड्रोम, म्हणजे वीर्य जातंय या धास्तीने येणारा थकवा-चिंता, ओळखायची १८ प्रश्नांची मापनी. मराठी भाषांतर, उलट भाषांतर, सगळं झालं. मालवण-देवगड पट्ट्यातले ६० पुरुष. क्रॉनबॅक अल्फा (सगळे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.३८! निदान ०.७ तरी हवा. गाईड म्हणतात, प्रश्न गाळ. कुठले गाळू? शुक्रवारी दाखवायचंय.

आकडेमोड : 'होय' किती आले? उलट्या गुणांचे प्रश्न, जिथे 'नाही' म्हणजे त्रास आहे, त्यांचे गुण फिरवून घेतलेत? हे न सांगता विचारणं म्हणजे काळोखात पाग टाकणं.

सारंगा : केलंय हो ते सगळं. थांबा, प्रश्न ७ आणि १२ राहिलेत. आता ०.४६. ५१ जणांचं सगळीकडे 'नाही'च आहे.

आकडेमोड : मग गाळून काय होणार? उत्तरांत फरकच नाही, अल्फा चढेल कशाने?

वैद्यबुवा : मुळात याला मानसिक म्हणणंच चूक. शुक्र हा सातवा धातू. अश्वगंधा दुधातून सुरू करा.

खाडीपलीकडे : बुवा, तिने औषध विचारलंय का? चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य, हे ऐकूनच पोरं खंगतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं ते याच धास्तीला. आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगयादीतही एफ ४८.८ खाली आहे.
सारंगा, फॉर्मवर शब्द कोणता?

सारंगा : वीर्यस्खलन.

खाडीपलीकडे : अरे देवा. खलाशाला वाटलं असेल दहावीचा पेपर आला. लोक 'धातू जातो' म्हणतात, 'लघवीतून पांढरं जातं' म्हणतात. तेही नंतर. आधी थकवा, कंबरदुखी, भूक मेलीय, असं सुरू होतं.

देवचार_७ : आमच्याकडे अंगात अवसार येतो, त्याची मापनी मिळेल काय?

आकडेमोड : वेगळा धागा काढा. सारंगा, फॉर्म भरले कोणी?

सारंगा : आशाताईंनी, गावातल्या आरोग्य कार्यकर्तीने. जेटीवर, लिलावाच्या वेळी. त्यांना सगळे ओळखतात म्हणून मुद्दाम.

भरतीओहोटी : अगो बाय! ती कोणाची वयनी, कोणाची काकी. आमचे बापये तिच्याकडसून तापाची गोळी घेताना पण मान खाली घालतत. आणि लिलावाक? बाजूक गाबतिणी पाट्यो घेवन उभ्यो. कोण सांगतलो?

खाडीपलीकडे : आधी ते फॉर्म आशाताईंच्या घरून उचल, नावं असतील तर आजच. मग बाहेरगावचा एखादा पुरुष घे, आडोशाला बसून विचारू दे. पहिल्या दहा जणांना प्रत्येक प्रश्नामागे 'यातून तुम्हाला काय कळलं?' एवढंच विचार. आणि नुसते जेटीवरचे नकोत, ओपीडीत हीच तक्रार घेऊन आलेलेही हवेत. मानसोपचारतज्ज्ञ त्यांना स्वतंत्र तपासतील, तुझे गुण न बघता. ते जुळलं तर मापनी खरी. अल्फा ०.९ आला तरी हे त्यातून कळत नाही.

सारंगा : फॉर्मवर नावं आहेत. निघाले. पण शुक्रवारी काय दाखवू?

आकडेमोड : ते ५१ 'नाही' दाखव, आणि कोणी, कुठे विचारलं ते.

देवचार_७ : मालवण जेटीवर बांगडा काय भाव चाललाय?